वर्धा रोडची जमीन विकली, आता यॉट घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा: वय 58, राहणार नागपूर. वर्धा रोडवरची वडिलोपार्जित जमीन तीन महिन्यांपूर्वी विकली, कर बाजूला काढून 9 कोटी हातात आहेत. कर्ज नाही, मुलगी नोकरीला लागली, घरखर्च महिन्याला 2 लाख. आता मोटर यॉट घेऊन मुंबई ते कोची, तिथून मालदीव आणि जमलं तर पुढे फुकेत असं फिरायचं आहे. दोन बोटी पाहिल्या. एक दुबईतली 60 फुटी, 25 नॉट (ताशी 25 सागरी मैल) वेगाची, 3,000 लिटरची टाकी, किंमत 4 कोटी. दुसरी मुंबईतच असलेली, कर भरलेली 50 फुटी ट्रॉलर यॉट, 8 नॉटची, सव्वातीन कोटींची. मित्र म्हणतो, दुबईची घे, भाड्याने लाव, खर्च निघून जाईल. तिथला ब्रोकर टोकन मागतो आहे. पत्नीला बोट लागते, मळमळतं.

भाऊ, दुबईची बोट आधी बाजूला काढू, कारण ती 4 कोटींची नाहीच. सप्टेंबर 2025 पासून हौसेच्या यॉटवर 40 टक्के जीएसटी आहे आणि आयात करताना तो किंमत अधिक सीमाशुल्क अशा बेरजेवर लागतो. मुंबईच्या पाण्यात येईपर्यंत ती 7 कोटींच्या घरात जाते. वापरलेली बोट आणायला परवानगी लागेल का, हेही कस्टम ब्रोकरला आधी विचारावं लागेल. कंपनीच्या नावावर घेऊन जीएसटी परत मिळवू, असं कोणी सुचवेल. स्वतः फिरण्यासाठी घेतलेल्या बोटीवर हे क्रेडिट कायद्यानेच अडवलेलं आहे.

पैशाइतकंच मोठं कारण दुसरं आहे. ही बोट तुमच्या प्रवासाची नाही. अशा बोटी वेगात पाण्यावर उचलल्या जाऊन पळतात आणि त्या वेगाची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. 60 फुटी बोट 25 नॉटला ताशी 250 लिटरच्या आसपास पिते. म्हणजे तुमची टाकी बारा तासांत कोरडी, 300 सागरी मैलांत. कोची ते मालदीवची राजधानी माले सुमारे 400 सागरी मैल आहे. राखीव इंधन तर सोडाच, मालेच्या शंभर मैल अलीकडेच इंजिन बंद पडेल. हळू चालवली तर पोचेल, पण मग 25 नॉटच्या इंजिनांचे पैसे कशाला दिले?

ट्रॉलर पाणी कापत जाते. अशा बोटीचा सोयीचा कमाल वेग तिच्या पाण्याच्या रेषेवरच्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढा आणि 1.34 ने गुणा. 50 फुटी ट्रॉलरची ही लांबी 46 फूट धरली तर हे 9 नॉटच्या आसपास येतं. त्याच्या थोडं खाली, 8 नॉटला, ताशी 20 लिटरमध्ये काम भागतं. कोची ते माले पन्नास तास, हजार लिटर. मुंबई ते गोवा साधारण 220 सागरी मैल आहे. डिझेल 90 रुपये धरलं तर वेगवान बोटीला नुसतं जायला जवळपास 2 लाख, ट्रॉलरला 50 हजार. लांब जाणारी माणसं हळू बोट का घेतात, ते इथे कळतं.

फक्त एक, हळू बोट लाटेत जास्त डोलते. वहिनींचा प्रश्न मला इंजिनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. बोटीला बाजूचे पंख, म्हणजे फिन स्टॅबिलायझर, आहेत का आणि ते बोट थांबलेली असतानाही चालतात का, हे विचारा. बरेचसे फक्त बोट चालू असतानाच काम करतात. बोटीवरची सीई पाटी, म्हणजे युरोपीय मानकांची खूण, हीही बघा. वर्ग ए असेल तर बांधणी ब्युफोर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापावर 8 च्या वरचा वारा आणि 4 मीटरहून मोठ्या लाटा धरून केलेली असते. बी असेल तर त्याच्या आतच राहायचं.

मग ट्रॉलर घ्यावी? एकट्याने नको. यॉटच्या व्यवहारात ढोबळ हिशेब असा धरतात की किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीत जातात: तांडेल (बोटीचा कप्तान) आणि खलाशांचे पगार, विमा, बांधायची जागा, बोट बाहेर काढून तळ घासणं-रंगवणं, इंजिन आणि जनरेटरची कामं. तुमच्या बाबतीत 32 लाख. उरलेल्या पावणेसहा कोटींवर 7 टक्क्यांनी 40 लाख व्याज, कर जाऊन 32. तेवढं बोटच घेते. घरखर्चाचे 24 लाख दरवर्षी मुद्दलातून जाणार आणि महागाईने तो आकडा वाढतच जाणार. दुबईची घेतली असती तर हातात 2 कोटी उरले असते. मूळ 4 कोटींवर दहा टक्के धरले तरी घरखर्चासकट ते तीन-साडेतीन वर्षांत संपले असते.

भाड्याच्या उत्पन्नावर माझा विश्वास नाही. व्यावसायिक परवाना, तपासणी आणि विमा सगळं वेगळं पडतं, आणि पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र जवळपास बंदच. गिऱ्हाईक मागतं दिवाळी आणि नाताळ, नेमकं तेव्हाच तुम्हालाही जायचं असतं. शिवाय तुम्ही नागपुरात, बोट गेटवेसमोर नांगरून. जनरेटर रात्री कोणी चालवला, डिझेल कुठे गेलं, हे अंबाझरीच्या काठावरून कसं कळणार? बोट म्हणजे पांढरा हत्तीच, आणि माहूत तुमच्यापासून आठशे किलोमीटरवर.

सगळे 9 कोटी गुंतवून ठेवलेत तर कर जाऊन वर्षाला 46 लाखांच्या आसपास येतील. घरखर्च आणि महागाईची तरतूद वगळून समुद्रासाठी 10-12 लाख निघतात. पुढचे दोन हंगाम त्यात तांडेलासकट बोट भाड्याने घ्या, वहिनींना सोबत न्या, आणि निदान एक रात्र किनारा दिसत नाही अशा पाण्यात काढा. ऑक्टोबरच्या शांत समुद्रात गोवा करून आलात आणि ठरवलंत, असं नको.

त्यानंतरही मन तिथेच असेल तर चौघांत ट्रॉलर घ्या. वाटा 81 लाखांचा, वर्षाला 8 लाख, हे तुम्हाला झेपतं. करारात दिवाळी-नाताळचे आठवडे कोणाचे, मोठी दुरुस्ती कोण किती भरणार आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी ठरणार, हे लिहूनच घ्या. मैत्रीवर सोडू नका. व्यवहार पाण्याबाहेर काढून केलेल्या तपासणीवर, समुद्रातल्या चाचणीवर आणि इंजिन ऑइलच्या नमुन्यावर अवलंबून ठेवा.

आत्ताचं काम मात्र वेगळं. जमीन विक्रीच्या नफ्यापैकी 50 लाखांपर्यंत रक्कम भांडवली नफ्यावरचा कर वाचवणाऱ्या रोख्यांत टाकता येते, पाच वर्षं अडकते, आणि विक्रीपासून सहा महिन्यांची मुदत असते. तुमचे तीन गेले आहेत. कर बाजूला काढलाय म्हणता, पण तो भरण्याआधी सीएंना याच आठवड्यात भेटा. दुबईचा ब्रोकर टोकन मागतो आहे असं लिहिलंत, ते पाठवू नका.