१२ फुटी की १४ फुटी?

भाऊ, तुम्ही विचारलंय की पुढच्या उन्हाळ्यात भुसावळहून कॅनडात ओंटारियोला येताय, सोबत वहिनी अन् दोन पोरं, सुट्टीच्या दिवशी मासे धरायला छोटी अ‍ॅल्युमिनियमची बोट घ्यायची तर १२ फुटी की १४ फुटी. मी यावलकडचा, इथे ९ वर्षं झाली, प्रश्न वाचला अन् राहवलं नाही.

बोट चालवायचं ऑपरेटर कार्ड, मासेमारीचं लायसन्स हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी सांगत बसत नाही. एवढंच की १० हॉर्सपॉवरपासून बोटीलाही लायसन्स नंबर लागतो, म्हणून इथे जिकडेतिकडे ९.९ ची मोटर दिसेल.

चौघं असाल तर १४ फुटीच घ्या. १२ फुटीत दोघं मोठी, दोन पोरं, इंधनाची टाकी अन् डबे म्हणजे कालीपिली झाली. सपाट बुडाची बोट शांत पाण्यात मस्त, पण मोठ्या तलावावर वारा सुटला की नुसती आपटते, पोरं रडतात. व्ही आकाराचं बूड घ्या. जुनी घेताना विकणाऱ्याच्या अंगणातच बोट ट्रेलरवर ठेवून आत नळीने पाणी सोडा अन् स्वतः खाली वाका, जिथे रिव्हेटमधून थेंब येईल तिथे खडूने खूण करा. चार-पाच थेंबांना घाबरू नका, ते भाव पाडायच्या कामाचे. पण मोटर लावतात त्या मागच्या फळीवर मूठ मारून बघा, बद्द आवाज आला तर लाकूड आतून कुजलंय, चहा पिऊन घरी या.

अन् बोटीतलं पाणी काढायच्या भोकाचं मागचं बूच! पहिल्याच दिवशी मी ते लावायला विसरलो. घोट्यापर्यंत पाणी, भाकरी-ठेच्याचा डबा तरंगतोय अन् बायको म्हणते, हतनूरच्या बॅकवॉटरला बुडालो नाही ते इथे येऊन बुडायचं होतं का.

एकटेपणाचंही विचारलंय तुम्ही. होतो, जातो, कामात कळत नाही.

शाळेचं मात्र नीट ऐका. पोरीच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोरा, आपल्याकडे बारशाआधीच दाखला निघतो नं, अन् पासपोर्टवर तिच्या नावाला माझंही नाव चिकटलेलं, त्यापायी शाळेत तीन खेपा झाल्या, ही मुलगी तीच कशावरून म्हणे. तुमच्या पोरांच्या दाखल्यावर नावं आत्ताच चढवून घ्या. एवढं करून तिला बसवलं कुठे, तर इंग्लिश न येणाऱ्या पोरांच्या तासाला. ८ वर्षांची पोर, जळगावला इंग्लिश मीडियममध्ये पहिल्या तिनात! मी तिथे काहीच बोललो नाही. आपलं इंग्लिश ऐकून हसतील ही भीती मलाच होती, हे आजवर बायकोलाही सांगितलं नाही.

पोरगी घरी महिनाभर हूं का चूं करेना. मग त्या बोटीत, गळाला बोटाएवढी सनफिश लागलेली, ती माझ्याकडे न बघता म्हणाली, पप्पा, मला सगळं येत होतं, त्यांनी विचारलंच नाही. मी माशाच्या तोंडातून गळ काढत बसलो, एरवी दोन सेकंदांचं काम.

तर १४ फुटी घेतली खरं म्हणजे याच्यासाठी. पाण्यावर गेलं की कुणी उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही.

आता ती १७ ची आहे, तिला शनिवारी काम असतं. बायकोला डास चावतात. बोट मागच्या अंगणात उलटी पडलेली आहे, मी दोनदा विकायची जाहिरात टाकली अन् दोनदा संध्याकाळपर्यंत काढली. तुम्ही आलात की बघून जा, आवडली तर बोलू. पाण्याची नळी मीच लावून देईन, डावीकडे मधल्या बाकाखाली दोन थेंब येतात, आधीच सांगतो.