आईचा ओव्हर कोण घेणार?

"दिवसभर पेशंटशी मायेने बोलते आणि घरी आले की आईवर खेकसते. माझी माया खोटीच आहे का हो?" हा प्रश्न मला समुपदेशनात नर्सेसकडून वारंवार ऐकायला मिळतो. ओळख बदलून त्यांतल्या एकीविषयी सांगते.

त्यांची आई अर्धांगवायूने ६ वर्षं अंथरुणाला खिळलेली. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर २ तासांनी कूस बदलायची. रात्रीही त्या एकट्याच गजर लावून उठायच्या आणि सकाळी वॉर्ड गाठायच्या.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "ड्युटी संपली हे तुम्हाला नेमकं कधी वाटतं?"

"ओव्हर दिला की. सलाइन किती उरलंय, कोणाला ताप होता, सगळं बेडपाशी उभं राहून सांगायचं. पुढची सिस्टर 'बरं' म्हणाली की मी मोकळी."

"आणि आईचा ओव्हर कोण घेतं?"

त्या गप्प झाल्या. पर्सची चेन उघडत-मिटत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तो दिलाच नाही कधी." आणि रडू लागल्या. मी पाण्याचा ग्लास मुद्दामच पुढे केला नाही. तो दिसला की माणूस रडू आवरतं.

दुसऱ्याचं जग 'जणू आपलंच' असं अनुभवावं, पण तो 'जणू' सुटू देऊ नये, असं मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये लिहिलं. माझं काम या एका शब्दावर उभं आहे. वॉर्डात तो 'जणू' नर्सला सांभाळतो. घरी तो नसतो, कारण आई खरोखरच आपली असते. शिवाय तिथे ड्युटीही संपत नाही. त्यांची माया आटली नव्हती, त्यांना सुट्टीच झाली नव्हती.

शनिवारची रात्र, १० ते ६, भावाने घ्यायची असं ठरलं. कागदावर कुशीच्या वेळा आणि गोळ्या. पहिल्याच रात्री बिनसलं. त्या २ वाजता उठून भावाने लावलेली उशी नीट करू लागल्या, तो म्हणाला, "मग तूच कर." घरोघरी मदत इथेच तुटते. म्हणून फक्त ३ गोष्टींत बोलायचं ठरवलं: लुळा हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळू शकतो; अंग घासत सरकवायचं नाही, कातडी सोलवटते; माकडहाड आणि टाचा बघायच्या, लाल डाग बोटाने दाबूनही फिका पडला नाही तर बहिणीला उठवायचं. बाकी उशी वाकडी तर वाकडी. त्यांनी दुसऱ्या खोलीत, गजर बंद करून झोपायचं.

रात्र मोकळी मिळूनही झोप येत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र एवढ्यावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.

पाचव्या रविवारी सकाळी भाऊ आपणहून पलंगापाशी उभा राहिला. "४ वाजता डाव्या कुशीवर वळवलं. टाच लाल नाही. गोळी ८ ला."

त्या म्हणाल्या, "बरं."