नेमबाजी करणाऱ्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं, तर औषधांमुळे ती डोपिंगमध्ये अडकेल का?

सहसा नाही. फक्त डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या सांगा की मुलगी स्पर्धात्मक नेमबाजी करते. का, ते पुढे लिहितो.

तुम्ही म्हणता, मुलगी १६ वर्षांची आहे, दहा मीटर एअर रायफलला सरावात ६२५ मारते आणि स्पर्धेत ६१० वर येते. तीन महिने पहाटे तीनपासून टक्क जागी असते, मैत्रिणींचे फोन उचलत नाही. सर म्हणतात, मन घट्ट कर.

मी राज्य पातळीपर्यंत रायफल खेळलो. एका स्पर्धेत चोविसाव्या शॉटला रायफल खांद्याला लावली, ट्रिगरवर बोट नेलं आणि खाली ठेवली. परत उचलली, परत खाली. दहा गुणांचा मधला ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो, आणि छातीचा प्रत्येक ठोका साइटमध्ये हलताना दिसतो. साठ शॉटना पंचाहत्तर मिनिटं मिळतात. माझे शेवटचे पंधरा मी नुसते उडवले.

पण तो आजार नव्हता. स्पर्धेत धडधड सगळ्यांनाच होते, तिच्यावर श्वासाचा आणि ठरलेल्या क्रमाचा सराव करून घेणारे क्रीडा मानसशास्त्रज्ञ असतात. आजार, म्हणजे नैराश्य, मला कळला तो रेंजबाहेर, नेमबाजीच्या जागेपासून लांब. स्पर्धा होऊन महिना झाला तरी रायफलची पेटी उघडली नव्हती, आई पुढ्यात ठेवायची ती खिचडी गार व्हायची, आंघोळीचाही कंटाळा. तुमच्या मुलीची झोप आणि मैत्रिणी, हे दोन्ही रेंजबाहेरचं आहे. म्हणून म्हणतो, तिला डॉक्टरकडे न्याच. सरांचा सल्ला तूर्त बाजूला ठेवा.

आता औषधं. नैराश्यासाठी सर्रास दिली जाणारी सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन, एसिटालोप्राम ही वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत नाहीत. घोळ होतो तो प्रोप्रॅनोलॉलचा. घाबरल्यावर हात थरथरतात म्हणून किंवा मायग्रेनसाठी ही गोळी अगदी सहज लिहून दिली जाते. ती बीटा-ब्लॉकर आहे, ठोके संथ करते, आणि नेमबाजी व तिरंदाजीत ती स्पर्धेच्या दिवशीच काय, एरवीही चालत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं याच गोळीपायी गेली. एकाग्रतेसाठी दिलं जाणारं मिथिलफेनिडेटही स्पर्धेच्या काळात बंद, त्याला आधी टीयूई म्हणजे उपचारासाठीची सूट मागावी लागते. यादी दर १ जानेवारीला बदलते, तेव्हा चिठ्ठीवरचं प्रत्येक नाव ताज्या यादीत बघा. आणि सुरू झालेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका, स्पर्धा तोंडावर आली तरी.

'हरते म्हणून खचलीय, एक पदक आलं की होईल बरी' असं कुणी म्हणालं तर त्याला अभिनव बिंद्राचं सांगा. त्याच बीजिंगमध्ये, तुमच्या मुलीच्याच प्रकारात त्याने सुवर्ण जिंकलं, आणि सगळ्यात वाईट काळ त्यानंतर आला, हे तो स्वतः जाहीरपणे बोललाय. वर्षानुवर्षं ज्याच्यासाठी उठायचं तेच उरलं नव्हतं. विराट कोहलीनेही २०१४ च्या इंग्लंड दौऱ्याबद्दल (दहा डावांत १३४ धावा) नंतर नैराश्याची कबुली दिली. म्हणजे यश-अपयश दोन्हीकडून हे येतं.

एक घरचं. माझे बाबा रेंजबाहेर स्कूटरवर थांबायचे आणि मी दिसलो की विचारायचे, "किती?" माझ्या डॉक्टरांनी तिसऱ्या भेटीला त्यांनाच आत बोलावलं. पुढच्या स्पर्धेनंतर त्यांनी विचारलं, "भूक लागलीय का रे?" स्कोअर ६०९ होता, रात्री जेवताना मीच सांगितला.

अपॉइंटमेंट लांबची मिळाली तर तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव नकोसा झालाय असं ती एकदा जरी म्हणाली, तर मात्र तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.