सून सकाळी धड चालते, दुपारी पाय ओढते

‘एकच पाय कसा काय दमते हो मॅडम? सकायी धडधड चालते, अन् दुपारी वावरात डावा पाय ओढते. हे सोंग नाही त काय?’ मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएसचं निदान झालेल्या सुनेबद्दल सासू बोलत होती. यवतमाळकडचं शेतकरी कुटुंब. एमएसच्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला मी दुष्ट समजत नाही. लकवा डोळ्यांना दिसतो, हा आजार लपंडाव खेळतो.

मी सुनेच्या चपला मागितल्या आणि उलट्या करून दाखवल्या. (उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे सासूबाईंनी ऐकवलंच.) डाव्या चपलेचं टोक झिजून कागदासारखं झालेलं, उजवी धड. पाऊल पुरतं उचलत नाही, म्हणून टोक घासतं. कितीही नाटकी माणूस असला तरी चप्पल अशी झिजवणार नाही.

नवऱ्याला म्हटलं, भाऊ, मोटरपंपाच्या वायरीचं कव्हर जागोजागी सोललं तर करंट नीट पोहोचतो का? एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करते. हे चट्टे दोन्ही बाजूंना सारखे पडत नाहीत. म्हणून एक पाय मागे राहतो. त्यात अंग जरा तापलं, की अशा नसांतून संदेश आणखी अडखळतो. श्रमानंतर एमएसच्या रुग्णांची नजर तेवढ्यापुरती धूसर होते, हे ऊटहॉफ या जर्मन डॉक्टरनं 1890 मध्येच नोंदवलंय, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात. गारव्यात बसलं की पाय पुन्हा उचलतो. म्हणजे आजार वाढलेला नसतो. नवी कमजोरी 24 तासांपेक्षा जास्त टिकली, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचंच.

निंदण सकाळी उरकायचं, डोक्याला ओला दुपट्टा बांधायचा, एवढं घरातच ठरलं. व्यायाम फिजिओथेरपिस्टनं दिला, तोही एकेका पायाचा वेगळा. दोन्ही मिळून केले की चांगला पायच सगळं काम ओढतो. काठी ती डाव्या हातात धरायची, ती उजव्या हातात दिली.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएस नावानिशी आहे, तेव्हा प्रमाणपत्राचा अर्जही भरायला सांगितला. तपासणीला जाताना दुपारच्या चालण्याचा व्हिडिओ मोबाइलवर न्या म्हटलं. ओपीडी सकाळची असते, आणि तेव्हा डॉक्टरांनाही तिच्या पायात फारसं काही दिसायचं नाही.