नवा रोबो आला की आधी त्याची पाठ बघ

प्रिय दोस्ता,

काल रात्री तू नव्या ट्रान्सफॉर्मर्सचे, म्हणजे गाडीचा किंवा विमानाचा रोबो होणाऱ्या खेळण्यांचे, एकापाठोपाठ एक फोटो पाठवत होतास तेव्हा मी मुद्दामच उत्तर दिलं नाही. नवीन काही रिव्हिल झालं की पहिला अर्धा तास सगळंच भारी वाटतं, आणि त्या भरात दिलेला सल्ला पुढे तुलाच महागात पडला असता. आज निवांत बसून तिन्ही बघितले, झूम करून करून बघितले, जेट, स्पोर्ट्स कार आणि तो मोठा ट्रक, आणि आता जरा सविस्तर लिहितोय, कारण "घे" किंवा "नको घेऊस" एवढंच सांगून तुझा काही फायदा नाही, पुढच्या महिन्यात नवे तीन येतील आणि तू परत मलाच विचारशील.

तू पाठवलेल्या जवळजवळ सगळ्या फोटोंत रोबो समोरून आहे आणि गाडी तिरक्या कोनातून. कंपनीही हेच दाखवते. त्यात छाती छान दिसते, चेहरा दिसतो, हातातली बंदूक दिसते, पण ट्रान्सफॉर्म होणाऱ्या खेळण्याचं खरं काय ते त्याच्या पाठीवर लिहिलेलं असतं रे. गाडीचं छप्पर, दारं, बॉनेट, चाकं हे सगळं कुठेतरी जायला हवं ना? डिझायनरने डोकं चालवलं असेल तर त्याचेच पाय होतात, खांदे होतात, आणि नसेल चालवलं तर सगळं गुंडाळून पाठीवर टाकलेलं असतं, दप्तर लटकवल्यासारखं. आपण त्याला किबल म्हणतो. थोडं किबल असणारच, त्यात काही वाईट नाही, पण किती आणि कुठे, हे बघितल्याशिवाय मत बनवायचं नाही.

आता ती स्पोर्ट्स कार घे. समोरून एकदम झकास, कंबर बारीक, पाय लांब. पण चौथ्या फोटोत तो जरा वळून उभा आहे, तिथे खांद्यामागे बघ, अख्खं छप्पर आणि मागची काच घडी घालून पाठीला चिकटलीये. म्हणजे आत एक सडपातळ रोबो आणि वरून गाडीचं कवच, शेलफॉर्मर. असे रोबो शेल्फवर समोरून छान दिसतात, हातात घेतले की मागे कलंडतात. आणि दुसरं, छप्पर आणि काच एकाच पारदर्शक तुकड्याची आहे, काच तेवढी सोडून बाकीवर लाल रंग मारलाय. दार मात्र नुसत्या लाल प्लास्टिकचं. रंगवलेला लाल आणि प्लास्टिकचा लाल कधी तंतोतंत जुळत नाही, फोटोत लायटिंगमुळे कळत नाही पण हातात घेतल्यावर तीच रेघ आधी डोळ्यात खुपते. शिवाय फोटोतला नमुना बऱ्याचदा हाताने रंगवलेला किंवा फॅक्टरी सुरू व्हायच्या आधीचा असतो, म्हणून तर "प्रत्यक्ष उत्पादन वेगळे असू शकते" असं बारीक अक्षरात लिहितात. ते वाक्य मनावर घ्यायचं.

पारदर्शक प्लास्टिकबद्दल मी इतकं बोलतो त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक गाडी मी फक्त फोटोवर भाळून घेतली होती, तिचं पुढच्या काचेचं बिजागर त्याच पारदर्शक तुकड्यात होतं. पहिल्या दोन वेळा नीट फिरलं. तिसऱ्यांदा घडी उघडताना आधी पिनभोवती पांढुरकी रेघ दिसली, केसाएवढी, मी थांबायला हवं होतं, मी अजून एक अंश फिरवलं आणि कट्ट. आवाज अजून आठवतो. रंगीत एबीएस प्लास्टिक वाकून सहन करतं, पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं, ते वाकत नाही, थेट तुटतं. त्यामुळे आता नवीन फोटो आला की मी पहिल्यांदा हेच शोधतो, की फिरणारा जॉइंट पारदर्शक भागात आहे का, आणि तुझ्या या कारमध्ये तो आहे. म्हणून माझं मत, थांब. लोकांच्या हातात येऊ दे, महिनाभर फिरवू देत, मग बघू.

जेटबद्दल मात्र मी खूश आहे. मनापासून खूश आहे! मागून बघितलंस का? पंख पाठीवर राहतात, पण जेटमध्ये ते शोभतातच, १९८४ पासून पंख म्हणजे जेट होणाऱ्या पात्रांची ओळख आहे. नाक छातीत आत दुमडतं, इंजिनांचेच पाय होतात, कुठे भलतं ओझं नाही. खालच्या बाजूने काढलेला एकच फोटो आहे त्यात जेटच्या पोटाखाली रोबोचे हात थोडे दिसतात, ते चालतं, जेटचं पोट कोण बघतं. तू म्हणालास पांढरा भाग जास्त आहे. बरोबर, आणि पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं हेही खरं, १९८५ चा जेटफायर, तो पांढरा जेट, ज्यांनी ज्यांनी ठेवलाय त्यांना विचार. ऊन आणि उष्णता त्याचे शत्रू, त्यामुळे खिडकीसमोर ठेवू नकोस, एवढी काळजी घेतलीस तरी बराच फरक पडतो.

जेटचं अजून एक. खांद्यावर दोन रिकामी भोकं आहेत आणि पंखाचं टोक वेगळा तुकडा म्हणून जोडलंय, बघितलंस? कारण नसताना कुणी असा जास्तीचा सांधा ठेवत नाही. याच मोल्डवर, म्हणजे साच्यावर, दुसरे पंख लावून अजून रोबो येणार हे जवळजवळ ठरलेलं समज. ही रीत जुनीच आहे, १९८४ मध्ये स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प हे तीन जेट एकाच साच्यातून निघाले, फक्त रंग वेगळे, आणि पुढच्याच वर्षी त्याच शरीराला वेगळे पंख लावून रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज आले. त्यामुळे तुला नक्की कुठला हवाय ते आधी ठरव. तुझा आवडता जर नंतरच्या रंगात येणार असेल तर पहिला घेऊन वर दुसराही घ्यायचा, असं करत करत शेल्फवर एकच रोबो सहा रंगांत उभा राहतो. ज्याला ते आवडतं त्याने जरूर करावं, पण तुझ्याकडे जागा एका कपाटाची आहे.

आता ट्रक. इथे जरा लांबण लावतो, कारण सगळ्यात जास्त तू त्याच्यासाठीच हट्ट करतोयस.

तुझा ट्रक म्हणजे ऑप्टिमस प्राइम, ट्रान्सफॉर्मर्सचा नायक, आणि तो मुळात ऑप्टिमस प्राइम नव्हताच. जपानमध्ये टकारा या खेळण्यांच्या कंपनीची डायक्लोन नावाची मालिका होती, त्यात १९८३ ला बॅटल कॉन्व्हॉय म्हणून हा ट्रक आला, आणि १९८४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने डायक्लोन आणि मायक्रोचेंज या दोन मालिकांतली खेळणी उचलून, नावं-स्वभाव नवीन देऊन ट्रान्सफॉर्मर्स उभं केलं. म्हणजे खेळणं आधी, गोष्ट नंतर! हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगतो कारण यातच सगळं आलं. त्या जुन्या ट्रकच्या काचा म्हणजेच रोबोची छाती होती, खरी काच, खरी छाती. मुठी वेगळ्या लावायला लागायच्या आणि हमखास हरवायच्या, पाय जेमतेम हलायचे, पण ट्रक बघितला की रोबो कुठे लपलाय ते कळायचं आणि रोबो बघितला की ट्रक कळायचा.

पुढे कार्टून लोकप्रिय झालं आणि मग उलटं सुरू झालं, कार्टूनमधल्या चित्रासारखं खेळणं हवं अशी मागणी आली. मास्टरपीस या संग्राहकांसाठीच्या मालिकेतले (खोक्यावर 'एमपी' आणि क्रमांक असतो) ऑप्टिमसचे तीन ट्रक एका ओळीत ठेवले तर हा सगळा प्रवास दिसतो. २००३ चा एमपी-०१ भलामोठा, आत भरपूर धातू, उचलला की मनगटाला कळतं. २०११ चा एमपी-१० लहान केला, कारण आता बाकीच्या गाड्याही त्याच्या शेजारी योग्य मापात उभ्या करायच्या होत्या, आणि माझ्या मते तोल साधला तो यानेच, ट्रकही देखणा, रोबोही, आणि दहा मिनिटांत हसतखेळत बदलतो. २०१९ चा एमपी-४४ तर थेट पडद्यावरून उतरल्यासारखा, पण त्यासाठी इतक्या घड्या, इतके पॅनल की बदलायला बसायचं म्हणजे वेळ काढून बसायला लागतं. वाईट अजिबात नाही, कारागिरी थक्क करणारी आहे. पण माझ्याकडे जो वर्षानुवर्षं सतत हाताळला जातो तो एमपी-१०, आणि याचा मी खूप विचार केलाय.

म्हणून २०२४ मध्ये मिसिंग लिंक या मालिकेतला पहिला कॉन्व्हॉय, म्हणजे जपानी नावाचा ऑप्टिमसच, आला तेव्हा मला भरून आलं होतं. जुन्या खेळण्याची तीच रचना, तेच बदलणं, फक्त आत ठिकठिकाणी नवे सांधे बसवलेत. कुणीतरी त्या १९८४ च्या खेळण्याला मान देऊन विचार केला होता की याचं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही.

आता तुझा ट्रक या नजरेने बघ. रोबोच्या छातीवरच्या काचा आणि ट्रकच्या काचा यांचं माप वेगळं आहे. मी स्क्रीनवर पट्टी लावून बघितलं. ट्रकची काच रुंद, छातीची अरुंद आणि उंच. म्हणजे छाती खोटी आहे, खरी काच आत कुठेतरी दुमडून ठेवलीये आणि त्या जागी दुसरीच दाखवायची काच येते. काही लोकांना याचं काही वाटत नाही, रोबो दिसायला हवा तसा दिसतो ना, मग झालं. मला वाटतं. दोन रूपांत तीच वस्तू दोन कामं करते यातच तर मजा आहे, नाहीतर एक साधा रोबो आणि एक साधा ट्रक असे दोन वेगळे घ्यावेत. तुला काय वाटतं ते तुझं तू ठरव, पण फोटो बघून हे ओळखता आलं पाहिजे.

आणि तू साइझबद्दल फसलायस. खोक्यावर लीडर, व्हॉयेजर असे जे गट लिहिलेले असतात त्यात लीडर हा वरचा, पण लीडर क्लास म्हणजे उंच असं नसतं, क्लास म्हणजे बजेट. २०२० च्या अर्थराइज मालिकेतला ऑप्टिमस लीडर होता पण रोबो व्हॉयेजरएवढाच, बाकीचं बजेट ट्रेलरमध्ये गेलं होतं, आणि ते योग्यच होतं. तुझ्या ट्रकचंही तसंच दिसतंय, ट्रेलर मोठा, रोबो मध्यम. शेजारी काय ठेवणार त्याप्रमाणे सेंटीमीटरमध्ये उंची बघायची, खोक्यावरचा शब्द नाही. सगळ्यात मोठ्या, टायटन क्लासचं आत्ता काढूच नकोस, दोन-दोन फुटांचे ते रोबो आतून बरेच पोकळ असतात आणि कपाट आधी मोठं लागतं.

"संपून जाईल काका" हे तुझं वाक्य मी चार वेळा वाचलं. लोकप्रिय ट्रक संपत नाहीत रे. एमपी-१० किती वेळा परत बाजारात आला ते बघ. ज्यांनी घाईत चढ्या भावात घेतला त्यांच्या डोळ्यांदेखत परत बनवला गेला. संपतात ती कमी ओळखीची पात्रं, जी एकदाच थोडी बनतात. त्यामुळे घाई करायचीच असेल तर त्यांच्यासाठी कर.

तर जेट प्रीऑर्डर कर, कारसाठी थांब, ट्रकचा नीट विचार कर.

जेट आला की लगेच फोटो काढत बसू नकोस. आधी कागदावरच्या पायऱ्या एकदा फक्त वाच, रोबो हातात न घेता. मग सुरू कर. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, बहुतेक वेळा आधीचा एखादा टॅब, म्हणजे खाचेत बसणारा खटका, सुटायचा राहिलेला असतो, दोन पायऱ्या मागे जायचं आणि तो शोधायचा. नवीन खेळण्याच्या पिना घट्ट असतात, खोली थंड असेल तर अजून घट्ट, थोडा वेळ हातात धरून ठेवलं तरी मऊ येतं. पांढुरकी रेघ दिसली की तिथेच थांब आणि मला फोटो पाठव. सांधा ढिला निघाला तर त्यातला गोल बॉल काढून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात दे, पूर्ण वाळू दे, मगच परत बसव, ओलं असताना बसवलंस तर कायमचं चिकटेल.

मत मात्र पहिल्या दिवशी विचारणार नाही मी. दहा-पंधरा वेळा इकडून तिकडे कर, कागद न बघता जमायला लागलं की मग बोलू. फोन कर, स्पीकरवर ठेव आणि बोलत बोलत जेटमधून रोबो कर, नाक छातीत बसताना जो टिक् आवाज येतो तो मला इकडे ऐकू आला पाहिजे.

तुझा,
काका