घरामागचा डोंगर खचणार हे आधी ओळखता येतं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी मुंबईत, आई-वडील पोलादपूरकडे डोंगराच्या पायथ्याशी, आणि रेड अलर्ट आला तरी ते घर सोडत नाहीत. मी शेजारच्या महाड तालुक्यातला, म्हणून सांगतो.

ओळखता येतं, पण दर वेळी नाही. पहिल्या दिवसाच्या मुसळधारेपेक्षा मी चौथ्या दिवसाच्या पावसाला जास्त घाबरतो. तोवर कातळावरची माती पाणी पिऊन जड झालेली असते. त्यात एक जोराची सर आली की आतल्या पाण्याच्या दाबाने मातीची पकड सुटते आणि अख्खा थर खाली येतो. २२ जुलै २०२१ ला आमच्या महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं, त्याच दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता.

सगळे घरामागची दरड बघत बसतात. भेग मात्र पडते पार वर, गवतात. ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत, कुणाला तरी वर पाठवा. हात जाईल एवढी भेग दिसली तर चिकणमातीने बुजवून पाणी बाजूला काढायचं आणि तलाठ्याला कळवायचं. खाली घराची दारं अडकायला लागली, विजेचा खांब कलला, कोरड्या जागी झरा फुटला, तर निघा. सगळ्यात वाईट खूण वहाळाची, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याची: वर धो धो पाऊस आणि वहाळाचं पाणी एकदम कमी. वर कुठेतरी मातीने अडलंय, ते फुटणार. तेव्हा कपडेसुद्धा भरत बसू नये.

आणि अंगण वाढवायला जेसीबीने डोंगराचा पाय कापला असेल, तर वरचं सगळं दुप्पट लागू. (हे हल्ली फार झालंय.)

‘आपलं गाव दरडप्रवण यादीत नाही’ हे ऐकून निर्धास्त राहू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री गाडली गेलेली इर्शाळवाडीही त्या यादीत नव्हती.

आई-वडिलांचं म्हणाल, तर म्हातारी माणसं बहुतेक वेळा गुरांपायी अडतात. आधी गुरांची सोय बघा, सपाटीवरच्या कुणाच्या तरी गोठ्यात. मग माणसं हलतात. हलवायचं ते उजेड असताना. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७ वर लागतो, तो नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि दरड येऊन थांबली तरी सामान काढायला कुणाला परत आत जाऊ देऊ नका, मागून दुसरी येते.