गर्दीच्या ठिकाणी अडीच वर्षांच्या मुलीला सुरक्षापट्टा लावणे योग्य आहे का?

तुमची मुलगी अडीच वर्षांची आहे, ती हात सोडवून पळते, धाकटे बाळ अजून कडेवर आहे, पुढच्या महिन्यात गणपती पाहायला पुण्याला सासरी जायचे आहे आणि तुम्ही मागवलेला, मुलीच्या छातीला बांधून दोरी आपल्या हातात धरायचा पट्टा पाहून सासूबाईंनी ‘पोरीला काय जनावरासारखं बांधून नेणार का?’ असे विचारले, असे तुम्ही लिहिले आहे. मी जुळ्या मुलांची आई आहे आणि माझी दोन्ही मुले साधारण सव्वातीन वर्षांची होईपर्यंत बाजारात, स्थानकावर आणि उत्सवात मी असे पट्टे वापरले आहेत. पट्टा जरूर वापरा, असेच माझे स्पष्ट उत्तर आहे. मात्र तो कोणत्या गर्दीत लावायचा आणि कोणत्या गर्दीत काढून मुलीला उचलून घ्यायचे, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरलेले असले पाहिजे.

‘हात धरला की झाले’ असे म्हणणाऱ्यांनी अडीच वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून गर्दीकडे पाहिलेले नसते. या वयात उंची साधारण ८५ ते ९० सेंटीमीटर असते, म्हणजे मोठ्या माणसाच्या कमरेच्याही खाली. तिला समोर फक्त पाय आणि पिशव्या दिसतात आणि दोन माणसे मध्ये आली की आपल्याला ती दिसेनाशी होते. शिवाय आपला हात धरून चालताना तिचा हात सतत खांद्याच्या वर ताणलेला असतो. काही मिनिटांतच तो दुखू लागतो आणि मग ती मनगट पिळून सोडवून घेते. आपल्याला तो हट्ट वाटतो, पण बऱ्याचदा ती नुसती अवघडलेली असते. ‘थांब’ म्हटल्यावर थांबण्याइतका स्वतःवरचा ताबाही या वयात आलेला नसतो. फुगेवाला दिसला की पाय आधी निघतात.

आणखी एक गोष्ट बालरोगतज्ज्ञ नेहमी सांगतात. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपरातील हाड त्याला धरून ठेवणाऱ्या वलयाकार बंधातून सहज निसटू शकते आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे पळणाऱ्या किंवा अडखळणाऱ्या मुलाला हाताला धरून दिलेला झटका. मूल रडते, तो हात लुळा सोडून देते आणि त्या हाताने काही घ्यायला तयार होत नाही. डॉक्टर तो सांधा बहुतेक वेळा क्षणात बसवतात, पण तोवरचे मुलाचे रडणे ऐकवत नाही. छातीवरच्या पट्ट्यात ओढ पडली तर ती धडावर विभागली जाते, कोपरावर येत नाही. केवळ या एका कारणासाठीसुद्धा मला पट्टा हाताला धरून खेचण्यापेक्षा पुष्कळ सौम्य वाटतो.

जनावराची तुलना मीही लक्ष्मी रस्त्यावर अनोळखी माणसांकडून ऐकली आहे आणि ती मनाला लागते, हे खरे आहे. परंतु आपल्याच देशात २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा बांधणे बंधनकारक आहे. स्कूटरवर वडिलांच्या पाठीला पट्ट्याने बांधलेले मूल पाहून कोणी त्याला जनावर म्हणत नाही, कारण तिथे धोका सर्वांना दिसतो. सणाच्या दिवसांत तुळशीबागेच्या तोंडाशी गर्दीतून वाट काढत दुचाक्या येतात, तेव्हा धोका त्याहून कमी नसतो; तो फक्त आपल्या सवयीचा झालेला असतो.

आता मुख्य मुद्दा. पट्टा चालत्या गर्दीसाठी आहे. माणसे चालत आहेत, मध्ये थोडी फट आहे आणि भीती मूल पळून जाण्याची किंवा नजरेआड होण्याची आहे, अशा ठिकाणी, म्हणजे बाजारपेठ, विमानतळ, बस स्थानकाचे आवार, दुपारच्या वेळी मांडवांसमोरचे रस्ते, तिथे त्याचा खरा उपयोग होतो. दाटून आलेल्या, रेटणाऱ्या गर्दीत मात्र तोच पट्टा घातक ठरतो. तिथे माणसे तुमच्या आणि मुलीच्या मधून जाऊ पाहतात, पट्ट्यात पाय अडकतो, कोणीतरी पडते आणि ओढ मुलीवर येते. एका चौरस मीटरमध्ये पाचांहून अधिक माणसे दाटली की कोणालाही स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकता येत नाही आणि गर्दी लाटेसारखी हलू लागते. हे मोजत बसण्याची गरज नाही. दोन्ही खांद्यांना अनोळखी खांदे लागू लागले आणि खाली पाहिल्यावर स्वतःचे पाय दिसेनासे झाले, की पट्ट्याचे टोक सोडवून गुंडाळावे, मुलीला छातीशी उचलावे आणि प्रवाहाला विरोध न करता तिरके तिरके कडेला निघावे. संध्याकाळी दगडूशेठ गणपतीसमोर आणि विसर्जनाच्या रात्री बेलबाग चौकाच्या आसपास अशी दाटी होते. तुमच्याकडे बाळही आहे. दोन्ही मुलांना एकाच वेळी उचलणे तुम्हाला शक्य नाही, म्हणून दुसरे मोठे माणूस सोबत नसेल तर तुम्ही त्या वेळी तिथे जाऊच नये, असे मी आग्रहाने सांगेन. सकाळी लवकर गेलात तर मानाच्या गणपतींचे दर्शन शांतपणे होते.

गर्दीइतकेच हलत्या दारांपासून जपावे लागते. मूल आधी लिफ्टमध्ये शिरले आणि दार मध्येच बंद झाले तर पातळ पट्टा दाराला जाणवेलच याची खात्री नसते आणि पट्ट्याचे एक टोक आत व दुसरे बाहेर राहून लिफ्ट हलणे हा जिवाशी खेळ आहे. लोकल, बस आणि मेट्रोच्या दारांनाही हेच लागू होते. सरकत्या जिन्यावर लोंबणारे टोक पायरीच्या कडेला अडकू शकते. मंडई मेट्रो स्थानकावर उतरणार असाल तर डब्यातून बाहेर पडण्यापूर्वी मुलीला कडेवर घ्यावे, पट्टा तिच्या आणि तुमच्या मध्ये गुंडाळून धरावा आणि रस्त्यावर आल्यानंतरच तिला खाली सोडावे.

पट्टा निवडताना मनगटाला बांधायचे, टेलिफोनच्या वायरीसारखे वेटोळे असलेले प्रकार मी टाळेन. ते ताणले की फार लांब होतात, चिकटपट्टी मुलांना सहज उघडता येते आणि झटका पुन्हा हातावरच येतो. पाठीवरच्या छोट्या दप्तराला दोरी जोडलेला प्रकार मुलांना आवडतो, पण दोन्ही खांद्यांचे बंद छातीवर एकमेकांना जोडणारी चाप त्याला असलीच पाहिजे, नाहीतर मूल हात मागे करून त्यातून अलगद बाहेर पडते. छाती व खांदे यांभोवती बसणारा आणि पाठीवर बंद होणारा पट्टा सर्वांत भरवशाचा. युरोपात अशा पट्ट्यांसाठी ईएन १३२१० हे मानक आहे. वेष्टनावर त्याचा उल्लेख असेल तर उत्तम. तुमचा पट्टा आला आहे, तर आज एवढे तपासा: दोरी जिथे पाठीच्या कडीला शिवली आहे ती शिवण दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहा, कारण स्वस्त पट्टा आधी तिथेच उसवतो. मग तो मुलीला घालून छाती आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे सपाट जातात का ते पाहा. दोन बोटे जायला हवीत, मूठ जाता कामा नये. दोरी साधारण एक मीटरपेक्षा लांब नसावी.

मानेभोवती काहीही येता कामा नये. पट्टा खांबाला, कठड्याला किंवा खुर्चीला बांधून क्षणभरही बाजूला जाऊ नये. घसरगुंडीवर, झोक्यावर किंवा झोपेत तो अंगावर ठेवू नये, कारण अडकून गळा आवळला जाण्याचा धोका तिथे खरा आहे.

वापरताना दोरी नेहमी सैल राहिली पाहिजे. तिचा हात तुमच्या हातात असावा आणि दोरीचा फासा तुमच्या मनगटात, म्हणजे हात सुटला तरी ती सुटत नाही. दोरी बोटांभोवती गुंडाळू नये. ती धावली तर खेचू नये. आपण जागच्या जागी थांबावे, तिचे नाव घ्यावे आणि दोन पावले तिच्याकडे जावे. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते, त्यामुळे पाठीमागून झटका बसला तर मूल सरळ उताणे पडते.

तिला आधीपासून सवय लावा. आमच्याकडे पहिल्यांदा पट्टा टेडीला घातला, मग मुलांना. मुले दोरीला ‘शेपूट’ म्हणू लागली आणि बाहेर निघताना स्वतःच शेपूट मागू लागली. बागेत थोडा वेळ, मग कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत, असे वाढवत न्यावे. जी मुले स्वमग्न (ऑटिस्टिक) आहेत किंवा ज्यांना अचानक धावत सुटण्याची सवय आहे, त्यांच्या पालकांना हा पट्टा चौथ्या-पाचव्या वर्षानंतरही लागू शकतो आणि त्यांच्याकडे वळून पाहणाऱ्यांनी थोडे समजून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. इतर मुले हाक मारल्यावर थांबू लागली की पट्टा हळूहळू पिशवीत जातो.

पट्टा लावला तरी त्या दिवशीच्या कपड्यांतील तिचा एक फोटो निघतानाच काढावा आणि तुमचा मोबाइल क्रमांक तिच्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने लिहावा. नाव कपड्यांवर ठळक लिहू नये, कारण नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. चुकामूक झालीच तर एकाने त्याच जागी उभे राहावे, दुसऱ्याने जवळच्या मंडळाच्या मांडवात जाऊन ध्वनिक्षेपकावरून पुकारा करायला सांगावे आणि लगेच ११२ वर फोन करावा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइनही चोवीस तास चालू असते.

सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी बागेतील सरावाच्या वेळी पट्टा त्यांच्याच हाती द्या. उत्सवातही बाळ तुमच्याकडे आणि मोठी त्यांच्याकडे, अशी विभागणी घरातून निघतानाच बोलून ठरवा, आणि वाटेत पट्टा एकीकडून दुसरीकडे जाईल तेव्हा ‘घेतला’ असे तोंडाने म्हटल्याशिवाय पहिलीने फासा सोडू नये.